इंग्लंडच्या माजघरातलं संगीत

इंग्लंडमधल्या कुठल्याही मराठी घरात इथल्या संगीताचा विषय काढून बघा. बीटल्स, क्वीन, पिंक फ्लॉइड, फार तर लेड झेपलिन. मुलं मोठी असतील तर अडेल आणि एड शीरन. यादी साधारण इथेच संपते. ही सगळी थोर मंडळी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण हाच प्रकार उलट्या बाजूनं झाला की आपल्याला कसं होतं, ते आठवा. ऑफिसमध्ये कुणी ‘इंडियन म्युझिक? म्हणजे बॉलिवूड ना!’ असं म्हणालं, की आपण घरी येऊन जेवणं उरकेपर्यंत त्यावरच बोलत राहतो. यांना कुमार गंधर्व माहीत नाहीत, किशोरीताई माहीत नाहीत, वारीतले अभंग नाहीत, लावणी नाही! तक्रार अगदी रास्त आहे. मग तोच न्याय आपण आपल्या यजमानांनाही लावावा, एवढंच माझं म्हणणं.

पाहुण्याला आधी दिवाणखाना दाखवतात. माजघरात जायचं तर येणं-जाणं वाढावं लागतं. मी केंट परगण्यात चौदा वर्षं राहते आहे. इथल्या माणसांचं माजघर मला ना लंडनच्या राजवाड्यासमोर दिसलं, ना विम्बल्डनच्या हिरवळीवर. ते थोडंफार दिसलं १९७० च्या दशकातल्या काही तबकड्यांमध्ये. या तबकड्या प्रोग्रेसिव्ह रॉकच्या अगदी कडेला उभ्या आहेत. जाणकार त्यांना मानतात, पण रस्त्यावरच्या दहा इंग्रजांना विचारलं तर नऊ जणांनी नाव ऐकलेलं नसतं. अशा सात तबकड्यांची शिफारस करण्यासाठी हा लेख.

आधी ‘प्रोग’ म्हणजे काय ते थोडक्यात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या काही रॉक वादकांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटू लागलं. एलपीच्या एका बाजूवर वीस-पंचवीस मिनिटं मावतात. ती सगळी एकाच रचनेला का देऊ नयेत, असा तो विचार. मग जॅझ, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, ऑर्गनचे मोठे सूर, पाच-सात-अकराचे आडवे ठेके, सगळं आत आलं. येस, जेनेसिस, किंग क्रिमसन, इमर्सन लेक अँड पामर ही त्यातली बडी नावं. पैसा आला तसा थाटही आला. १९७५ मध्ये रिक वेकमननं राजा आर्थरवरची आपली रचना वेम्ब्लीला चक्क बर्फावर, स्केटिंग करणाऱ्या कलाकारांसह सादर केली. पुढे पंकवाल्यांनी प्रोगची जी टर उडवली ती असल्या थाटामुळेच. ‘प्रोग म्हणजे भपका’ हे समीकरण आजही पुष्कळांच्या डोक्यात पक्कं आहे.

पण त्याच काळात, त्याच कलेत, भपक्याची अजिबात हौस नसलेले लोकही होते. त्यांतले बरेच जण केंटमधल्या कँटरबरी शहराच्या आसपासचे, म्हणून या सगळ्या गोतावळ्याला ‘कँटरबरी सीन’ असं नाव पडलं. प्रत्यक्षात अनेकांचा कँटरबरीशी संबंध जुजबीच होता. नाव चिकटलं ते चिकटलं. आपल्याकडे घराण्याचं नाव गावावरून पडतं आणि गवई मात्र भलत्याच गावी राहतो, तसंच काहीसं.

सुरुवातीला सोपी पायरी. कॅरव्हान या कँटरबरीच्याच बँडची ‘इन द लँड ऑफ ग्रे अँड पिंक’ (१९७१). तिच्यातलं ‘गोल्फ गर्ल’ हे गाणं गोल्फच्या मैदानावर चहा विकणाऱ्या एका मुलीबद्दल आहे. रॉकच्या गाण्यात नायिका आणि हातात चहाचा कप! मला हे गाणं ऐकताक्षणी आवडलं ते मात्र गायकाच्या उच्चारांमुळे. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक रॉक गायक माइकसमोर उभे राहिले की अमेरिकन व्हायचे. रिचर्ड सिंक्लेअर तसं करत नाही. बाजारात, बसथांब्यावर ऐकू येते तशा साध्या, मऊ इंग्रजीत तो गातो. परदेशात येऊन कानानं भाषा पुन्हा शिकलेल्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. दुसऱ्या बाजूवर एकच रचना आहे, सुमारे तेवीस मिनिटांची ‘नाइन फीट अंडरग्राउंड’. डेव्ह सिंक्लेअर हा रिचर्डचा चुलतभाऊ त्यात ऑर्गन वाजवतो. तो कुठेही घाई करत नाही. एक कल्पना घेतो, फिरवून-फिरवून बघतो, मग पुढची. ख्याल ऐकत मोठं झालेल्या माणसाला हे बैठकीचं तंत्र लगेच ओळखू येईल.

दुसरी, एग या तिघांच्या बँडची ‘द पोलाइट फोर्स’ (१९७१). ऑर्गन, बेस आणि ड्रम्स, गिटार नाहीच. रॉक बँड आणि गिटार नाही म्हणजे वडापाव आणि वडा नाही. पण ऑर्गनवादक डेव्ह स्टुअर्ट, तेव्हा जेमतेम विशीतला, ती उणीव भासू देत नाही. (युरिदमिक्सचा डेव्ह स्टुअर्ट तो वेगळा, दोघांची गल्लत फार होते.) या मंडळींनी १९६९ मध्ये सातच्या ठेक्याचं कौतुक करणारं एक गमतीचं गाणं काढलं होतं, ‘सेव्हन इज अ जॉली गुड टाइम’. चारच्या ठेक्यावर पोसलेल्या इंग्रज श्रोत्याला सात मोजताना धाप लागते. आपलं तसं नाही. रूपकाच्या सात मात्रा आणि झपतालाच्या दहा आपल्या कानावरून लहानपणीच गेलेल्या असतात, ताल ओळखता येत नसला तरी. म्हणून ‘ही तबकडी फार अवघड आहे’ असं इथले लोक म्हणतात, त्याकडे मराठी वाचकांनी दुर्लक्ष करावं. सुरुवात ‘अ व्हिजिट टू न्यूपोर्ट हॉस्पिटल’पासून करावी. आइल ऑफ वाइट बेटावर काढलेल्या आपल्या उमेदवारीच्या दिवसांची ती आठवण आहे.

तिसऱ्या तबकडीआधी एक व्हिसाची गोष्ट. सॉफ्ट मशीन हा कँटरबरी गोतावळ्याचा मूळपुरुष म्हणावा असा बँड १९६६ मध्ये उभा राहिला. त्यात डेव्हिड ॲलन नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. तो इंग्लंडमध्ये आला तेव्हा डोव्हरजवळच्या लिडन गावात, ड्रमवादक रॉबर्ट वायटच्या आईवडिलांकडे भाड्यानं राहायचा. १९६७ मध्ये बँड फ्रान्सचा दौरा करून परतला आणि व्हिसाच्या कारणावरून ॲलनला सीमेवरच अडवलं. बाकीचे घरी गेले, हा मागे राहिला. मुदत संपत आलेला व्हिसा आणि इमिग्रेशनच्या काउंटरपुढची ती रांग आपल्यापैकी कितीजणांनी अनुभवली आहे! ॲलननं पॅरिसमध्ये बस्तान बसवलं आणि तिथे गाँग नावाचा नवा बँड काढला. ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, इंग्रज असा तो संमिश्र कुटुंबकबिला. व्हर्जिन कंपनी १९७३ मध्ये तबकड्या काढू लागली. तिची पहिली तबकडी ‘ट्युब्युलर बेल्स’ जगभर गाजली. दुसऱ्या क्रमांकाची तबकडी गाँगची होती, हे मात्र कुणाच्या लक्षात नसतं. माझी शिफारस आहे त्यांची पुढच्या वर्षीची ‘यू’ (१९७४). त्यात चहाची किटली उडते, बुटके येतात, सगळा पोरखेळ वाटतो. पण ‘द आयल ऑफ एव्हरीव्हेअर’मध्ये ठेका, सॅक्सोफोन आणि गिटार एकमेकांत असे गुंततात की पोरखेळ कधी संपला ते कळतच नाही.

चौथी, हॅटफील्ड अँड द नॉर्थ यांची ‘द रॉटर्स क्लब’ (१९७५). बँडचं नाव कुठून आलं? लंडनमधून उत्तरेला निघालेल्या ए-वन रस्त्यावरच्या पाटीवरून. म्हणजे आपल्याकडे एखाद्या गायकमंडळीनं ‘चाकण व पुढे’ असं नाव घ्यावं तसं! एका रचनेचं शीर्षक आहे ‘महाराणी, तुम्ही क्रीम डोनटसारख्या आहात’. ही शीर्षकं बघून संगीतही टवाळ असेल असं वाटतं, पण आत बसलेली माणसं तयारीची आहेत. गिटारला फिल मिलर, ड्रम्सना पिप पाइल, बेस आणि गळा पुन्हा रिचर्ड सिंक्लेअर, ऑर्गनला पुन्हा डेव्ह स्टुअर्ट. अवघड ते अवघड न दाखवता वाजवायचं आणि वर स्वतःचीच थट्टा करायची, हा या लोकांचा स्वभाव. इंग्रज शेजारी बागेत सुंदर गुलाब फुलवतो आणि कौतुक केलं की म्हणतो, ‘छे, यंदा तशी काही खास नाहीत.’ त्या स्वभावाचं हे संगीत आहे. वीस मिनिटांची ‘मम्प्स’ ही रचना शांतपणे सुरू होऊन गाजत संपते, ती एकदा तरी सलग ऐकाच. जोनाथन को या कादंबरीकाराला ही तबकडी इतकी जवळची वाटली, की २००१ मधल्या आपल्या कादंबरीला त्यानं तिचंच नाव दिलं.

पाचवी तबकडी मी हळू आवाजात सुचवते. रॉबर्ट वायटचं नाव वर आलंच आहे. सॉफ्ट मशीनचा ड्रमवादक आणि गायक. १ जून १९७३ रोजी लंडनमधल्या एका पार्टीत तो खिडकीतून खाली पडला आणि कंबरेखाली कायमचा अधू झाला. वय २८. ड्रमवादकाचे पाय गेले म्हणजे पेटीवाल्याची बोटंच गेली. मित्र धावून आले. पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन यांनी त्याच्या मदतीसाठी कार्यक्रम केला, आणि फ्लॉइडच्या निक मेसननं त्याच्या पुढच्या तबकडीची निर्मिती केली. ती ‘रॉक बॉटम’ (१९७४). सगळे समजतात की हे अपघाताचं दुःख आहे. खरं तर त्यातल्या बऱ्याचशा रचना अपघाताआधीच, व्हेनिसमध्ये सुचल्या होत्या. त्याची जोडीदार अल्फी तिथे एका चित्रपटाच्या कामावर होती आणि हा एका साध्या, खेळण्यातल्यासारख्या ऑर्गनवर बोटं फिरवत बसायचा. ‘अलिफिब’मध्ये तो लहान मुलाच्या बोबड्या शब्दांत तिला हाका मारतो; पुढच्या गाण्याच्या शेवटी ती स्वतः बोलते आणि त्याला जरा झापतेच. तबकडी बाजारात आली त्याच दिवशी दोघांचं लग्न झालं. दुःखाचं प्रदर्शन नाही, हिमतीचा डंका नाही. नवराबायकोमधलं खासगी बोलणं मात्र आहे. मी ज्याला माजघर म्हणते ते हेच.

या तबकडीत एक विलक्षण ट्रम्पेट ऐकू येतं. ते वाजवणारा मोंगेझी फेझा दक्षिण आफ्रिकेचा. तिथून सहावी तबकडी गाठता येते. वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एका मंचावर येणं अशक्य होत चाललं होतं, तेव्हा ‘ब्लू नोट्स’ नावाचा मिश्र जॅझ संच १९६४ मध्ये फ्रान्समधल्या एका महोत्सवाचं निमित्त करून देशाबाहेर पडला आणि अखेर लंडनला आला. त्यांचा पियानोवादक ख्रिस मॅकग्रेगर गोरा. फेझा, डुडू पुक्वाना, लुई मोहोलो काळे. लंडनमध्ये त्यांना इंग्रज तरुण वादक येऊन मिळाले आणि ‘ब्रदरहुड ऑफ ब्रेथ’ हा मोठा वाद्यवृंद तयार झाला. त्याच नावाची त्यांची पहिली तबकडी १९७१ ची. ‘हे तर जॅझ, प्रोगच्या यादीत कशाला?’ असं कुणी म्हणेल. पण यातले मार्क चॅरिग आणि निक इव्हान्स हे सॉफ्ट मशीनबरोबरही वाजवत होते आणि किंग क्रिमसनच्या ‘लिझर्ड’वरही आहेत. भिंती श्रोत्यांच्या डोक्यात होत्या, वादकांच्या नव्हत्या. पुक्वानाची ‘एमआरए’ ही रचना लावा. पितळी वाद्यं एका सुरात उसळतात, मग जो तो आपल्या वाटेनं धावतो आणि पुन्हा एकत्र येतो. आळंदीच्या वाटेवर दिंड्या एकमेकींना भेटतात तेव्हाचा कल्लोळ ज्यांनी ऐकला आहे, त्यांना हे परकं वाटणार नाही. घरापासून तुटलेली माणसं एवढ्या आनंदानं वाजवू शकतात, हे ऐकायला आपल्याला बरं वाटतं. फेझा १९७५ मध्ये, ऐन तिशीत, लंडनमध्येच गेला. मोहोलो मात्र २००५ मध्ये मायदेशी परतले.

शेवटची, सातवी. बँडचं नाव नॅशनल हेल्थ, तबकडीचं नाव ‘ऑफ क्यूज अँड क्युअर्स’ (१९७८), म्हणजे रांगा आणि उपचार. मी स्वतः एनएचएसमध्ये नोकरी करते, त्यामुळे हे नाव वाचून मला जे हसू आलं ते इथल्या वाचकांना समजावून सांगायला नको. नाव पडलं ते डेव्ह स्टुअर्टच्या सरकारी चष्म्यावरून. (हो, पुन्हा तोच! हा माणूस या गोतावळ्यात सगळीकडे आहे.) १९७५ मध्ये जमलेल्या या बँडची पहिली तबकडी निघायला १९७८ उजाडलं, कारण तोवर पंकची लाट आली होती आणि असलं संगीत छापायला कंपन्या तयार नव्हत्या. दुसरी ही. फिल मिलर, पिप पाइल आणि जॉन ग्रीव्हज यांनी इथे जे वाजवलं आहे ते सगळ्या गोतावळ्याचं सार आहे. ‘द कोलॅप्सो’मध्ये कॅरिबियन बेटांवरचे स्टील ड्रम्स येतात; नावातही कॅलिप्सो कोसळल्याचा विनोद आहे. बाजारात आपली किंमत शून्य झाली आहे हे माहीत असताना या चौघांनी कामात तसूभर कसूर ठेवलेली नाही. खप बघून काम करणाऱ्यांना हे कळणार नाही. गावाकडच्या नाटकमंडळीत पंधरा प्रेक्षकांसमोरही पूर्ण अंक करणाऱ्या नटाला कळेल.

आता एक आक्षेप मला ऐकू येतो आहे: ‘आम्हाला आपलंच संगीत ऐकायला वेळ नाही, इथलं अडगळीतलं कुठून ऐकणार?’ माझं उत्तर असं, की दोन्ही गोष्टींचा वेळ एकच गोष्ट खाते आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद वाजलं की एक श्रवण मोजलं जातं. गाणं दोन मिनिटांचं असो की तेवीस, मोजणी एकच. ज्या व्यवस्थेत असा हिशेब चालतो तिथे लांब रचना करणाऱ्याचा तोटा ठरलेला, मग तो कॅरव्हान असो की मल्लिकार्जुन मन्सूर. सलग ऐकण्याची सवय गेली तर विलंबित ख्यालही जाईल आणि ‘मम्प्स’ही. एकाला वाचवायचं तर दुसऱ्यालाही वाचवावं लागेल, कारण दोघांना लागणारा कान एकच आहे. आणि हा कान आपल्या मुलांना द्यायचा असेल, तर एका देशाचं संगीत घरात आणि दुसऱ्याचं बाहेर अशी वाटणी करून चालणार नाही.

आणखी एक. ही माणसं झपाट्यानं कमी होत आहेत. पिप पाइल २००६ मध्ये गेला, डेव्हिड ॲलन २०१५ मध्ये, फिल मिलर २०१७ मध्ये. त्यांना तरुणपणी ऐकलेले श्रोते आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतले काही आपले शेजारी आहेत. रोज आपल्याला ‘थंडी फार आहे नाही’ म्हणणाऱ्या आजोबांनी १९७४ मध्ये कुठल्या हॉलमध्ये कुणाला ऐकलं, हे त्यांना आजवर कुणा भारतीयानं विचारलेलं नसतं. विचारून बघा. माझा अनुभव असा, की हवामानावर दहा वर्षं अडलेलं बोलणं या एका प्रश्नानं पुढे सरकतं.

तेव्हा येत्या रविवारी एवढं करा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, ‘रॉक बॉटम’ लावा आणि शेवटपर्यंत ऐका. चाळीस मिनिटांच्या आत संपते. आवडली तर शेजारी सांगा. तो बहुधा विचारेल, ‘मग तुमच्याकडचं काय ऐकू?’ त्याला कुमारांचं कुठलं ध्वनिमुद्रण आधी द्यायचं, ते आत्ताच ठरवून ठेवा.